ओठाच्या आतली कातडी

आमच्या अण्णांनी धाकट्या मुलीसाठी किती खस्ता खाल्ल्या, हे दापोडीतली जुनी माणसं अजून सांगतात. अण्णा गेले तेव्हा शोकसभेतही दोघांनी तेच सांगितलं. त्या काळात कारखान्यातल्या साध्या कामगारानं मुलीसाठी एवढ्या मोठ्या आजाराशी झुंज दिली, वगैरे. मी पुढच्या रांगेत बसून ऐकत होते. त्यात खोटं काही नव्हतं. अण्णांनी केलंच. पण सुजाला रोज उठवून, तोंड धुवून, गाडीत बसवून पुण्याला नेलं कुणी, परत आणलं कुणी, वाटेत तिची ओकारी स्वतःच्या ओढणीनं पुसली कुणी, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. आणि ज्यांना ठाऊक होतं ते बोलले नाहीत. मनात राग धरून लिहू नये म्हणतात. मी धरूनच लिहिते आहे. तो बाजूला काढून ठेवला तर या प्रकरणात लिहिण्यासारखं फारसं उरणार नाही.

रुळांच्या अलीकडं आमची एक खोली होती. अशा नऊ खोल्या एका ओळीत, पुढं सगळ्यांत मिळून एक नळ. गाडी गेली की फळीवरची भांडी थरथरायची, आणि गाडी लांब गेली तरी एक पितळी पेला बराच वेळ किणकिणत राहायचा. अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात होते. दर आठवड्याला त्यांची शिफ्ट बदलायची आणि तिच्याबरोबर घराचं जेवण, झोप, बोलणं सगळं बदलायचं. ते रात्रपाळी करून दिवसा झोपले की आम्ही बोटांवर चालायचो. सुजा दुखत असतानाही आवाज न करता रडायला शिकली होती, ती तिथंच. आई खडकीच्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी करायच्या कामाला जायची. खळीनं तिच्या बोटांची कातडी कायम सोलवटलेली असायची. दर रविवारी ती एका वेगळ्या ठेवलेल्या जुन्या तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची. त्या धुरानं ओळीतली सगळी पोरं शिंकायची. मग ती पानं तळहातावर चुरून, वस्त्रगाळ करून डबीत भरली की आठवड्याची मशेरी झाली. सकाळी नळावर सगळ्या बायका एक बोट तोंडात घालून उभ्या. तेवढा वेळ कुणी कुणाशी भांडत नसे. आमच्याकडं तिला तंबाखू कुणी म्हणतच नव्हतं. तंबाखू पुरुष खायचे. बाया दात घासायच्या.

सुजा, म्हणजे सुजाता, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. ती चार वर्षांची असताना कंदिलाच्या उजेडात तिचा डावा डोळा मांजरासारखा चमकतो हे आईच्या ध्यानात आलं. भीमाआत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, म्हणाली की असा डोळा भाग्याचा असतो. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एकदा बॅटरी मारून पाहिलं आणि अण्णांना बाजूला नेलं. डोळा काढावा लागला. आजाराचं नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही. ‘सुजाचं डोळ्याचं’ एवढंच म्हणायचे. डोळा काढल्यावर त्या जागेला यंत्रानं शेक द्यायचा ठरला. रोज, रविवार सोडून, दीड-दोन महिने.

रोज नेणार कोण, हा प्रश्न आला. अण्णांची शिफ्ट. आईची रोजंदारी, चार दिवस गेली नाही तर तिच्या जागेवर दुसरी बाई बसणार. मी आठवीत होते. वर्गात माझा नंबर पहिल्या पाचात असायचा, हे मी सांगते आहे कारण दुसरं कुणी सांगणार नाही. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. अण्णांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, “सुजाचं सगळं संपलं, शेवटचं ऑपरेशन झालं, की तू शाळेत. माझा शब्द हाय.” मी त्यांना दोनदा विचारून घेतलं. मग शाळेच्या मोठ्या बाईंकडंही त्यांना घेऊन गेले. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, सहामाहीचे मार्क चांगले आहेत, जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी मुलगी हजर असली तर नववीत बसवीन. नसली तर नाव काढावं लागेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही.

दापोडीहून लोकल, पुढं बस, आणि बसच्या थांब्यापासून सुजा माझ्या काखेत. शेकाची खोली तळघरासारखी होती. जाडजूड दार, आत एकटीनं निजायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही. पहिल्या दिवशी ती दार लागायच्या आत पळून बाहेर आली. दुसऱ्या दिवशीही तेच. यंत्रावरचा माणूस म्हणाला, हललेली चालत नाही, उद्या या. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं माझ्या हातात कागदाची एक बारीक पुडी दिली आणि म्हणाली, पडून राहिली तर बोटाला लावून दे थोडी, गप बसते त्यानं. सुजाचे दात शिवशिवायचे, तोंड यायचं, म्हणून आई तिला घरी अधूनमधून मशेरी लावतच होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी सुजाशी ठरवलं: घंटा वाजेपर्यंत हलायचं नाही, बाहेर आलीस की एक चिमूट. ती आत गेली, निजली, हलली नाही. बाहेर आल्यावर तिनं तोंड उघडलं आणि मी बोटानं खालच्या ओठात चिमूट ठेवली. दवाखान्याच्या पायरीवर ती उरलेला एक डोळा मिटून शांत बसून राहिली. त्या दिवसापासून आई रोज पुडी बांधून द्यायची.

आज चाकणच्या पट्ट्यात तीन कंपन्यांची कॅन्टीनं माझ्याकडं आहेत. खरेदी खात्यातल्या भल्याभल्यांशी मी टेबलावर हात आपटून बोलले आहे, कागदावर सह्या करून फिरलेली माणसं पाहिली आहेत. पण सुजानं पाळला तसा शब्द नंतर कुणी पाळलेला मला आठवत नाही. त्या दोन महिन्यांत ती एकदाही हलली नाही. यंत्रावरचा माणूस इतर पोरांच्या आयांना तिचं उदाहरण द्यायचा.

होळीच्या आधी शेक संपला. डॉक्टर म्हणाले, ट्रीटमेंट झाली. त्या दिवशी आईनं गूळ घालून शिरा केला आणि ओळीत वाटला. शेक थांबला तरी सुजाची रोजची चिमूट थांबली नाही. मग आम्ही सुजासाठी खोटा डोळा आणायला गेलो. दुकानदारानं एका खणाखणाच्या पेटीत मांडून ठेवलेले डोळे पुढं केले. त्यानं काढून दिलेला पहिला घाऱ्या बाईचा होता, दुसरा तपकिरी पण मोठा. अण्णा दोन्हीला बरं म्हणाले. मी नाही म्हटलं. पेटी खालपर्यंत उपसायला लावली आणि तिच्या उजव्या डोळ्याशेजारी धरून धरून काळाभोर डोळा काढला. दुकानदार वैतागून म्हणाला, ही मुलगी पुढं वकील होणार. पण तो डोळा टिकेना. शेकानं खोबण आकसत गेली होती. मेमध्ये एकदा ओळीपुढं खेळताना डोळा खाली पडला आणि शेजारच्यांच्या कोंबडीनं त्याला चोच मारली. पोरं हसून लोळली. सुजाही हसली. आई मात्र त्यानंतर तिला ओट्याखाली उतरू देईना.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. खालच्या ओठाच्या आतली मऊ कातडी काढून डोळ्याच्या खोबणीत लावायची, म्हणजे जागा मोठी होईल आणि डोळा बसेल. पण तपासताना त्यांच्या बोटाला खोबणीच्या कोपऱ्यात काहीतरी टणक लागलं होतं. ते आम्हाला स्पष्ट म्हणाले की आधी उघडून पाहीन. ते परत आलेलं असेल तर कातडी लावण्यात अर्थ नाही, ओठाला हात लावणार नाही, पुन्हा शेक सुरू करावा लागेल. स्वच्छ असेल तर लगेच ओठाची कातडी काढून लावीन. तारीख मिळाली ती शुक्रवारची. सोमवारी शाळा उघडत होती.

घरी येऊन मी सगळ्यांना समजावलं. ऑपरेशन करून सुजाला बाहेर आणतील तेव्हा ओठ बघायचा. ओठाला पट्टी, ओठ सुजलेला, म्हणजे सगळं चांगलं. ओठ कोरडा, म्हणजे ते परत आलंय. भीमाआत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ओठाची कातडी डोळ्यात? मग ही पोरगी डोळ्यानं बोलंल व्हय?” अण्णा खूप दिवसांनी हसले. आई नाही हसली. ती आठवडाभर येता-जाता सुजाच्या ओठाकडं बघत होती.

गुरुवारी सुजाला दाखल केलं. आई तिच्याजवळ राहिली. शुक्रवारी पहाटे उठून मी गुरगुट्या भात केला. ओठाला टाके पडणार म्हणून बिनतिखटाचं कसं करायचं ते मी पंधरा दिवस शिकत होते: मुगाच्या डाळीचं पाणी, तूप-मिठाचा भात, दुधात कुस्करलेली पोळी. अण्णा तेच माझ्याबरोबर खायचे आणि चव विचारली की म्हणायचे, आजारी माणसाला बरं लागंल. आजही माझ्या कॅन्टीनमध्ये एक पातेलं बिनतिखटाचं असतं. कंत्राटात ते लिहिलेलं नसतं. मॅनेजर लोक विचारतात, कशाला वाढवता काम. मी पातेलं चढवते.

अण्णा रात्रपाळी करून कंपनीतून थेट स्टेशनवर आले. अंगावर खाकी कपडे, त्यांना तेलाचा वास, डोळे तांबडे. भीमाआत्या माझ्याबरोबर होती. दवाखान्यात पोचलो तेव्हा सुजाला हिरवा झगा घातला होता आणि तो तिच्या पायांखाली लोळत होता. रात्रीपासून पोटात पाणी नव्हतं. तिनं भुकेचं काही काढलं नाही. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “ताई, पुडी आणली?” मी म्हटलं, आधी आत जाऊन निजायचं, हलायचं नाही, मग बघू. तिनं मान डोलावली. आई पलीकडं चादरीची घडी घालत होती. तिनं ऐकलं. तिची घडी चुकली, तिनं उलगडून पुन्हा घातली.

नऊच्या सुमारास तिला आत नेलं. दोन-अडीच तास लागतील असं सांगितलं होतं. बाहेर एक लांब बाक होता, त्याच्यावर आम्ही चौघं. अण्णा बसल्या बसल्या झोपले. तोंड उघडं, हात मांडीवर, कपाळावर कुठलीशी काळी रेघ. माझी पाठ, पाय, सगळं दुखत होतं. त्या सात महिन्यांचा शीण त्या बाकावर बसल्यावरच मला पहिल्यांदा कळला असावा, कारण तोवर बसायला मिळालंच नव्हतं. भीमाआत्या समोरून जाणाऱ्या प्रत्येक आयाला मावशी म्हणून हाक मारत होती आणि आत काय चाललंय ते विचारत होती. एकीनं तिला सांगितलं की आम्ही फरशी पुसतो, ऑपरेशन करत नाही. आत्या म्हणाली, मग पुसताना डोकवायला काय होतंय.

तास झाला नसेल, तेवढ्यात दार उघडलं आणि ढकलगाडी बाहेर आली. एवढ्या लवकर कुणाची आली असेल, असं मला वाटलं. गाडीवरचा झगा केवढा तरी मोठा होता, त्यावरून ओळखलं. सुजा झोपेत होती. डोळ्यावर पट्टी होती. मी ओठ पाहिला. ओठ नेहमीसारखा. कोरडा, जरा फुटलेला, त्यावर पट्टी नाही, रक्त नाही, सूज नाही.

आई भिंतीला टेकली आणि तशीच खाली घसरत जमिनीवर बसली. भीमाआत्यानं गळा काढला. त्या आवाजानं अण्णा जागे झाले, उठले, गाडीची दांडी धरली आणि सुजाच्या तोंडावर वाकून नुसता ओठ बघत राहिले. गाडी ढकलणारा माणूस म्हणाला, सोडा, वॉर्डात न्यायची आहे. त्यांना सोडता येईना.

आणि मी? इतकी वर्षं हे कुणाला सांगितलेलं नाही. मला आधी सोमवार आठवला. पुन्हा शेक, पुन्हा ती गाडी, ती बस, ती काख, आणि सोमवारी माझं नाव निघणार. तिच्या जिवाचा विचार त्यानंतर आला. फार नंतर नाही, चार-पाच श्वासांनी आला असेल, पण नंतर आला. तेरा वर्षांच्या मुलीनं असा विचार करणं पाप आहे का, हे मी आता ठरवत बसत नाही. दमलेल्या माणसाला स्वतःचंच आधी आठवतं, एवढं मला कळलं आहे.

डॉक्टर बाहेर आले. तोंडावरचं फडकं गळ्यात लोंबत होतं. आत्याचा गळा ऐकून ते आधी तिच्यावरच चिडले. “काय झालं रडायला? जागा स्वच्छ आहे. ती गाठ नव्हतीच, आधीच्या ऑपरेशनचा टाका आत राहून टणक झाला होता. काढला.” आम्हाला ते समजायला वेळ लागला. अण्णांनी विचारलं, मग ओठ? डॉक्टर म्हणाले, “तेच मी तुम्हाला विचारतोय. ओठ कुणी जाळला हिचा?”

त्यांनी आम्हाला गाडीजवळ नेलं आणि अंगठ्यानं सुजाचा खालचा ओठ उलटा केला. तो मी रोज पाहत होते, पण असा, उजेडात, उलटा करून कधी पाहिला नव्हता. आत पांढरट, सुरकुतलेली साल होती, जशी दुधावर येते, आणि मध्ये लालभडक सोललेलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांपूर्वी मी पाहिला तेव्हा चांगला होता. ही कातडी लावली तर दोन दिवसांत गळून पडेल. “तंबाखू आहे ही. साडेचार वर्षांच्या पोरीला तंबाखू कोण देतं?”

भीमाआत्या ठामपणे म्हणाली की आमच्यात बायापोरी तंबाखू खात नाहीत. ती खोटं बोलत नव्हती. मग डॉक्टरांनी विचारलं, दात कशानं घासते ही? शेवटी अण्णा म्हणाले, मशेरीनं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मशेरी म्हणजे तंबाखूच, भाजलेली. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी आईकडं पाहिलं. दर रविवारी स्वतःच्या हातानं पानं भाजणारी ती बाई हे पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी बघत होती, आणि मला वाटतं खरंच पहिल्यांदा ऐकत होती.

“सवय कुणी लावली?” डॉक्टरांनी विचारलं.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरांकडं. आणि म्हणाली, “रोज मंदाबरोबर जायची ती.”

आई खोटं बोलली नाही. हे मी चाळीसहून जास्त वर्षं स्वतःला सांगत आले आहे. रोज माझ्याबरोबरच जायची. त्यापुढचं वाक्य आईनं बोलायचं होतं, मी वाट पाहिली, ती बोलली नाही. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. डॉक्टरांनी मला जे सुनावायचं ते सुनावलं. ओठ भरून यायला दोन महिने लागतील, मशेरी बंद, दर आठवड्याला आणून दाखवायचं, मग पुन्हा तारीख. भीमाआत्यानं रडून झाल्याबरोबर सुरू केलं, की घोडी झाली, बुकं वाचती, न् बहिणीचं तोंड जाळलं. अण्णा गप्प होते. माझं डोकं लहानपणापासून तापट. मी आईला म्हटलं, “पुडी कुणाच्या डबीतली होती, ते सांग की.”

“हळू बोल,” आई म्हणाली. “दवाखाना हाय.”

दुपारी सुजा शुद्धीवर आली. उलट्या झाल्या, त्या मी काढल्या. मग डोळ्यावरची पट्टी चाचपत ती माझ्याकडं तोंड करून पुटपुटली, “ताई, मी हलले न्हाई. दे.” मी पाणी लावलेला कापूस तिच्या ओठावर फिरवला. तिनं तो थुंकला. ठरल्याप्रमाणं तिचं येणं होतं आणि मी ते देत नव्हते. ती रडली. आवाज न करता, घरी रडायची तशी, आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला आई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता. त्या दिवसापासून आईनं मशेरी सोडली. डोकं दुखायचं, हात थरथरायचे, नळावर बायका चिडवायच्या की वैनी आता बामणीण झाली, पण तिनं पुन्हा बोट तोंडात घातलं नाही. लोक म्हणतील, हीच तिची कबुली. मी ती धरलेली नाही. कबुली तोंडानं द्यायची असते.

संध्याकाळी आत्या तिथूनच तिच्या घरी गेली आणि अण्णा न् मी लोकलनं निघालो. गाडीला फार गर्दी नव्हती. ते खिडकीशी, मी समोर. डब्यातला भात तसाच राहिला होता, तो मांडीवर. बाकावरची डुलकी सोडली तर अण्णा छत्तीस तास झोपलेले नव्हते. शिवाजीनगर गेलं, खडकी आलं. खडकीला ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, “तू जा सोमवारी शाळेत. मी रजा टाकतो, न्हाईतर शिफ्ट बदलून मागतो. बघू कायतरी.”

मला हेच हवं होतं. सात महिने मी या एका वाक्यासाठी चालले होते. पण सकाळचा राग अजून विझला नव्हता. सगळ्यांसमोर माझ्यावर आलं तेव्हा हा माणूस गप्प बसला, आणि आता रिकाम्या डब्यात मला शाळा देतो आहे, असं वाटलं. मी म्हटलं, “मला नको तुमची शाळा. ओठ मी जाळला ना? मग मीच नेते.”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, “बरं.”

त्या ‘बरं’वर मी आयुष्यभर भांडते आहे. धंद्यात पडल्यावर मी शिकले की समोरच्यानं पहिल्यांदा नको म्हटलं तर ते नको नसतं. दोन पावलं मागं जायचं, चहा मागवायचा, आणि तेच पुन्हा वेगळ्या तोंडानं विचारायचं. भाजीबाजारातल्या अडत्यालाही हे कळतं. अण्णा कामगार होते. फोरमननं सांगितलं ते ऐकायचं, दोनदा विचारायचं नाही, अशी त्यांची उभी हयात गेली. मी नको म्हटलं आणि त्यांनी ते ऐकलं. पण मी फोरमन नव्हते, त्यांची मुलगी होते, आणि तेरा वर्षांची होते. बापानं दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. माझी चूक होतीच, ती मी मानते. तरी विचारायला हवं होतं.

सुजाचं पुढं सगळं नीट झालं. ओठ भरला, कातडी लागली, डोळा बसला. आकाराप्रमाणे बदलत बदलत आता हा तिचा चौथा डोळा आहे. ती बीए झाली, महापालिकेत लागली, निगडीला प्राधिकरणात तिचा फ्लॅट आहे, आणि ती माझ्याकडं येते तेव्हा तिला त्या दिवसातलं काही आठवत नाही. मी आठवण करून देत नाही. तिचा त्यात काय दोष.

पण तो सोमवार मला लिहायचा आहे. शनिवारी अण्णा काही बोलले नाहीत. रविवारी ते दवाखान्यात जाऊन आले, कपडे धुतले, स्टोव्हची पिन बदलली. सोमवारपासून त्यांची दुसरी शिफ्ट होती, म्हणजे दुपारपर्यंत घरी. मी पहाटेच उठून न्हाले, वेण्या घातल्या, गणवेश काढून पेटीवर ठेवला. त्याची शिलाई उसवून लांबी वाढवायला हवी होती, ती मी रात्रीच वाढवली होती. मग मी अंगण झाडलं. परत झाडलं. ओळीतल्या दोन मुली दप्तरं घेऊन माझ्यापुढून गेल्या आणि येतेस का म्हणून त्यांनी विचारलं. मी त्यांना पुढं व्हा म्हटलं. शाळा साडेदहाला भरायची. अण्णा दारात बसून दाढी करत होते. सव्वादहाच्या गाडीनं भांडी थरथरली. त्यांनी आरसा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि माझ्याकडं पाहिलं. वेण्यांकडंही पाहिलं असावं. मी झाडू भिंतीला टेकवला आणि उभी राहिले.

“चहा टाक,” ते म्हणाले.

मी आत गेले आणि चहा टाकला.